शाळेचं नाव काढलं की दहा रुपये

२०२४ च्या दिवाळीत विधानसभा आली आणि आम्हा शिक्षकांच्या सुट्टीचा पार विचका झाला. मतदान २० नोव्हेंबरला. निवडणुकीचं पहिलं प्रशिक्षण दिवाळीआधी उरकलेलं, दुसरं दिवाळीनंतर ठेवलेलं आणि मधल्या काळात मुख्यालय सोडायचं तर अर्ज द्या. केंद्रप्रमुखांना, म्हणजे आमच्या शाळांवरच्या साहेबांना, फोन केला. "कुठं निघालाय मॅडम, गोव्याला?" म्हटलं, "बडोद्याला." सर जरा वेळ गप्पच बसले. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या बाईनं दिवाळीत बडोद्याला जावं, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसेना. शेवटी म्हणाले, "जा, पण फोन चालू ठेवा."

तर वैजू आणि शोभा. साताऱ्याला डी.एड.ला आम्ही एका खोलीत राहायचो. तो डी.एड.च्या लाटेचा काळ. घराघरांत एक तरी पोर डी.एड.ला, आणि शिक्षणसेवक म्हणून लागलं तरी महिना तीन हजार मानधन. त्यावरसुद्धा उड्या पडायच्या. आमच्या तिघींत मला नोकरीची ऑर्डर आली. वैजूला आली नाही, तिचं लग्न झालं आणि ती बडोद्याला गेली. सासरचं घर दांडिया बाजारातलं, गायकवाडांच्या काळात तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबांपैकी एक. शोभाचे मिस्टर नोकरीसाठी रिफायनरीत गेले, तेव्हा वैजूनेच त्यांना बडोद्याच्या समा भागात तळमजल्यावरचा फ्लॅट बघून दिला. म्हणजे योगायोग वगैरे काही नाही, वैजूने ओढून नेलं तिला. मलाही किती वर्षं ओढत होती, पण मुलांच्या परीक्षा, सासऱ्यांचं आजारपण, बीएलओची म्हणजे मतदारयाद्यांची कामं, काही ना काही निघायचंच.

निघायच्या आधी शोभाने ग्रुपवर नियम टाकला. बाईंनी इथे आल्यावर शाळा, पट, पोषण आहार, पोर्टल, केंद्रप्रमुख यांपैकी एक जरी शब्द उच्चारला तर दहा रुपये दंड. मला दोघीही 'बाई' म्हणतात. ऑर्डर आली त्या दिवसापासून. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मी कधी विचारलं नाही.

भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी दहिवडीतून मुंबईची एसटी धरली. दादरहून रात्रीची गाडी. ही पूर्वी वडोदरा एक्सप्रेस म्हणून बडोद्यालाच संपायची. २०२१ पासून ती पुढे सरदार पटेलांच्या पुतळ्यापर्यंत, एकतानगरला जाते. त्यामुळे निवांत झोपायची सोय गेली. भरुच गेलं की उठून बसायचं, असं वैजूने चारदा बजावलं होतं. समोरच्या बर्थवर एक सुरतचे आजोबा होते. मी शिक्षिका आहे कळल्यावर त्यांनी मला नातवाचं प्रगतिपुस्तक मोबाईलवर दाखवलं. डब्यातल्या डब्यात पालकसभा.

पहाटे स्टेशनवर वैजूचे मिस्टर स्कूटर घेऊन उभे. रस्ते चकचकीत, दुभाजक नवे रंगवलेले. आठवडाभरापूर्वीच आपले आणि स्पेनचे पंतप्रधान विमानाच्या कारखान्यासाठी येऊन गेले होते, म्हणून ही रंगरंगोटी, असं भाऊजी म्हणाले. पण दुकानं सगळी बंद. एकजात शटर खाली. मला वाटलं पहाटेची वेळ म्हणून असेल, तर नऊ-दहा वाजले तरी तेच. गुजरातेत पाडव्याला नवं वर्ष सुरू होतं आणि बरेचसे दुकानदार लाभपंचमीलाच मुहूर्त करून दुकान उघडतात. ती दुसऱ्या दिवशी होती. आपल्याकडे पाडव्याला वही पूजन करून दुपारी गल्ल्यावर बसणारे व्यापारी बघितलेत मी. इकडे माणूस शटर ओढून खुशाल माउंट अबूला जातो. ही पद्धत मला फार आवडली. शिक्षकांनाच फक्त सुट्टी असते म्हणणाऱ्यांना एकदा बडोद्याला पाठवलं पाहिजे.

(हे मी तिथे बोललेसुद्धा. दहा रुपये.)

वैजूच्या सासूबाई, म्हणजे काकू, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. माहेर कोल्हापूरचं, पण साठएक वर्षं बडोद्यात काढल्यामुळे वाक्य मराठीत सुरू होतं आणि कुठल्या तरी वळणावर गुजराती होऊन संपतं. मी वाकून नमस्कार केला तर पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "साल मुबारक, साल मुबारक. हे काय आणलंस?" मी साताऱ्याचे कंदी पेढे नेले होते. त्यांनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले, चावला आणि म्हणाल्या, "छान आहे. पण दुलीरामचा खाल्ला नाहीस ना अजून?" झालं. त्यानंतर मी निघेपर्यंत त्या घरात दोन पक्ष होते. सातारचा पेढा भाजल्या खव्याचा, कमी गोडाचा, त्याला आमच्या दुधाची चव आहे, हे माझं म्हणणं. रावपुऱ्यातल्या दुलीरामच्या पेढ्यापुढे बाकीचे पेढे म्हणजे नुसती साखर, हे त्यांचं. लाभपंचमीला दुकान उघडल्यावर त्यांनी भाऊजींना पहिल्या कामाला तिथेच पाठवलं. चांगला होता पेढा. तेवढंच कबूल करते. पक्ष बदललेला नाही.

दुपारी शोभाकडे. तिच्या घरात शिरताना दाराशीच थबकले. भिंतीवर, माझ्या छातीच्या उंचीला, एक आडवी तपकिरी रेघ. सगळ्या खोल्यांमधून सलग गेलेली, जणू कोणी पट्टी धरून आखलेली. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात विश्वामित्री चढली ती ही. गोकुळाष्टमीला जो पाऊस लागला तो थांबेना. नदीचं पाणी सोसायटीत आलं आणि ह्यांना वरच्या मजल्यावरच्यांनी घरात घेतलं. त्यांच्याच गॅलरीतून तीन कुटुंबं खालची गाडी बुडताना बघत होती. विश्वामित्रीत मगरी आहेत, शहराच्या मधोमध वाहणाऱ्या नदीत, हे मी ऐकून होते. पुरात त्या रस्त्यांवर आणि लोकांच्या अंगणात आल्या. शोभा हे सगळं चहा गाळता गाळता सांगत होती. "फ्रीज गेला, सोफा गेला, गहू गेला. गव्हाचा वास महिनाभर जाईना बघ."

माणात उन्हाळ्यात टँकरच्या वेळेवर आम्ही तास बदलतो. माझ्या डोक्यात पाणी म्हणजे येत नाही ती गोष्ट. त्या रेघेवर मी हात ठेवून बघितला, रंगाचा पोपडा हातात आला. शोभा म्हणाली, "राहू दे, दिवाळीला रंग द्यायचा होता, पण ओल अजून आत आहे. आता संक्रांतीनंतर."

मग तिने माळ्यावरून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. "तुझ्यासाठी ठेवलंय. टाकून देणार होते, मग म्हटलं बाई येणार आहेत."

पाठ टाचणाची वही. डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाची, सराव पाठांची. दोनशे पानी, तपकिरी कागदाचं कव्हर, त्यावर शोभाचं माहेरचं आडनाव. ट्रंकेत होती, ट्रंक पाण्यात राहिली. शोभाने ती उन्हात वाळवली होती, पानं पापडासारखी कडक झालेली आणि एकमेकांना चिकटलेली. एकेक पान सुरीच्या टोकाने सोडवावं लागत होतं. गंमत अशी की शोभा शाईच्या पेनने लिहायची. अक्षर सुंदर म्हणून वर्गात नाव होतं तिचं. ती सगळी निळी शाई धुऊन गेली होती. घटक, उपघटक, उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, फलकलेखन, स्वाध्याय, रात्र रात्र जागून आखलेले रकाने, सगळं फिकट निळ्या ढगासारखं पानभर पसरलेलं. पण निरीक्षक शिक्षक लाल बॉलपेनने शेरा मारायचे. ते शेरे जसेच्या तसे. पानामागून पान कोरं आणि खाली कोपऱ्यात लाल अक्षरांत तेवढं शिल्लक:

"प्रस्तावना लांबली."

"फलकाकडे तोंड करून बोलू नये."

"तक्ता चांगला. वापर झाला नाही."

"आवाज चांगला आहे. मुलांना बोलू द्या."

आम्ही तिघी जमिनीवर बसून हसत सुटलो. पोटात दुखेपर्यंत. शोभाचा मुलगा, बारावीतला, आतून बघून गेला की आईला काय झालं. "तक्ता चांगला, वापर झाला नाही," हे शोभा मोठ्याने वाचायची आणि पुन्हा पहिल्यापासून. तो तक्ता मला आठवत होता. पाण्याचं चक्र. बाष्पीभवन, सांद्रीभवन, पाऊस. मी आणि वैजूने रंगवायला मदत केली होती, ढगांना कापूस चिकटवला होता. शोभा एकदम म्हणाली, "बघ, आता झाला की वापर." मग परत हसलो, पण ह्या वेळी जरा कमी.

शाळेचा विषय निघाला म्हणून वैजूने डबा पुढे केला. श्रीखंडाचा रिकामा डबा, झाकणाला भोक पाडलेला. शोभा म्हणाली, "हा नियमात धरायचा नाही. हा इतिहास आहे." मतदान घेतलं. दोन विरुद्ध एक, दंड माफ.

शोभाने डी.एड.नंतर एकही दिवस नोकरी केली नाही, तिला ओढही नव्हती. ती डबे करते, पंधरा-वीस जणांचे, आणि झकास करते. वैजूचं तसं नाही. वैजूला ऑर्डर न येणं हे आमच्या तिघींत न बोलायच्या गोष्टींपैकी एक आहे. गुणांनी ती माझ्या पुढे होती, जागा सुटली नाही, वय निघून गेलं. फोनवर ती याबद्दल कधी काही बोलली नाही. म्हणून मी तिच्या घरी संध्याकाळी जे बघितलं ते मला आधी माहीत नव्हतं.

पाच वाजता वाड्याच्या पडवीत मुलं जमायला लागली. आठ-दहा जण, दुसरीपासून सातवीपर्यंतची. गल्लीतल्या मराठी घरांतली, पण शाळा इंग्रजी नाहीतर गुजराती. घरात मराठी बोलतात, वाचता येत नाही म्हणजे आजीच्या देवघरातली पोथी परकी. एरवी रविवारी आणि सुट्टीत रोज वैजू त्यांना मराठी वाचायला शिकवते. फी नाही. गुजराती लिहायच्या सवयीने मुलं शिरोरेघ देतच नाहीत. एका पोराने पाटीवर 'बाजार' लिहिला, अक्षरं वळणदार, पण डोक्यावर काही नाही. वैजू म्हणाली, "छप्पर घाल रे, पाऊस येईल." त्याने एक लांब रेघ ओढली, इतकी लांब की पाटीच्या बाहेर गेली.

आणि वाचनासाठी पुस्तक नव्हतंच. काकूंनी एक पत्र्याची पेटी उघडली. त्यात त्यांच्या आईची पत्रं, लग्नानंतर कोल्हापूरहून आलेली, पोस्टकार्डं आणि निळी आंतरदेशीय. प्रत्येक मुलाला एक पत्र. ते त्याने घरी न नेता तिथेच उलगडायचं, आधी मनात वाचायचं, मग मोठ्याने. अडलं तर काकूंना विचारायचं, वैजूला नाही. सातवीतली एक मुलगी वाचत होती: "चि. सौ. कां. हिस अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, म्हैस व्याली. रेडकू झाले." मुलं हसली. मग एकाने विचारलं, "रेडकू म्हणजे?" काकूंनी म्हशीचं रेडकू सांगितलं, मग त्या म्हशीचं नाव सांगितलं, ती कुणाला मारायची ते सांगितलं, तिच्या दुधावर कोण कोण वाढलं ते सांगितलं. एका पोस्टकार्डावर अर्धा तास गेला. मुलांना पुढच्या पत्रात काय झालं ते हवं होतं. तारखा लावून क्रमाने लावण्याचं काम दोन मुलं आपणहून करत होती.

मी वीस वर्षं वाचनाचे उपक्रम करतेय. वाचन तास, वाचन कोपरा, वाचन प्रेरणा दिन, फोटो काढून लिंकवर टाकायचे उपक्रम. पेटीतली पत्रं माझ्या कधी डोक्यात आली नाहीत. मी पर्समधून पन्नासची नोट काढली, डब्यात टाकली आणि वैजूला पाच वेळा शाळेबद्दल विचारून घेतलं. लहान मुलांना जोडाक्षरांचं पत्र कसं देतेस? नुसतं चित्रासारखं बघणाऱ्याला काय करतेस? अक्षर लागलं नाही की मुलं कंटाळत नाहीत? ती म्हणाली, "लागत नाही म्हणून तर बघत बसतात. तुझ्या पुस्तकातलं लगेच लागतं, मग कशाला बघतील?"

यावर मला बोलता आलं नाही. अजूनही नीट येत नाही.

लाभपंचमीला शहर उठलं. मांडवीकडच्या दुकानांपुढे रांगोळ्या, दाराला तोरणं. राजवाडा आम्ही बाहेरूनच बघितला, आत जाऊन दिवस घालवायचा नव्हता. सुरसागरच्या मधोमध तो सोनेरी महादेव, त्याला लांबून हात जोडले. मला बघायचं होतं ते सेंट्रल लायब्ररी. वैजू तिथली जुनी सभासद. १९१० मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून संस्थानभर ग्रंथालयांची व्यवस्था उभी केली, त्यातलं हे मुख्य. मजल्यावर मजले लोखंडी मांडण्यांचे आणि मधली जमीन जाड काचेची, म्हणजे वरचा उजेड खालच्या मजल्यावर उतरतो. वर कुणी चाललं की खालून त्याच्या चपलांचे तळवे धूसर दिसतात. मराठीची कपाटंच्या कपाटं. आमच्या तालुक्याच्या ठिकाणीही एवढी मराठी पुस्तकं एका जागी नसतील. तेव्हा खेड्यांसाठी पुस्तकांच्या फिरत्या पेट्याही होत्या. पेटी गावात जायची, वाचून झाली की परत यायची, दुसरी जायची. वैजूने माझ्याकडे बघितलं. "मला आधी माहीत नव्हतं हं," ती म्हणाली, "माझी पेटी सासूबाईंची आहे."

बडोद्यात सयाजीरावांचं नाव चुकवायचं म्हटलं तरी चुकत नाही. बाग त्यांची, विद्यापीठ त्यांच्या नावाचं, पाणी त्यांनी बांधलेल्या आजवा तलावाचं. पण आम्हा प्राथमिकच्या लोकांना त्यांचं एकच काम पुरतं. १८९३ मध्ये अमरेली भागात त्यांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, मुलींनाही, आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापांना दंड. गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिशांच्या कायदेमंडळात असंच विधेयक आणलं, ते दुसऱ्या वर्षी फेटाळलं गेलं. आपल्याकडे मुलाचा शिक्षणाचा हक्क कायद्याने अमलात आला तो १ एप्रिल २०१० ला. मी तोवर नोकरीत रुळले होते. आणि हे करणारा माणूस स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, शेतकऱ्याघरचा गोपाळ. दत्तक घेतला तेव्हा वय बारा आणि अक्षरओळख नाही. बाराव्या वर्षी त्याने मुळाक्षरं गिरवायला घेतली.

आमच्या भाषेत शाळाबाह्य. वयानुरूप प्रवेश देऊन विशेष प्रशिक्षणाच्या यादीत घातला असता त्याला.

हे मी लायब्ररीच्या पायरीवर बोलून बसले आणि शोभाने निमूट हात पुढे केला. दिले दहा. पण मग थांबता येईना. माझ्या वर्गात यंदा एक मुलगा आहे, मेंढपाळाचा. आमच्याकडची बरीच धनगर कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, कुणी कोकणात, कुणी कर्नाटकाकडे. पोर बरोबर जातं. पाऊस पडला की परत येतं आणि मधल्या काळात शिकलेलं विसरलेलं असतं. मेंढरं मोजायला मात्र त्याला दोनशेच्या पुढेही अडचण नाही. त्याच्या बापाला दंड करायचा म्हटला तर कशातून करायचा, मेंढरातून? सयाजीरावांच्या अधिकाऱ्यांनाही असे बाप भेटले असतीलच. शोभाने हिशोब केला, एवढ्या भाषणाचे ऐंशी होतात, पण मुलासाठी म्हणून निम्मे सोडले.

सात नोव्हेंबरला कमाटीबागेत गेलो. सयाजीबाग हे पाटीवरचं नाव, काकू कमाटीबागच म्हणतात. फुलांचं घड्याळ, छोटी रेल्वे, सुट्टीतली पोरं, भेळेच्या गाड्या. म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, त्याच्याजवळून चालताना सगळे नकळत आवाज खाली आणतात, शोभासुद्धा. मला तिथे त्या तारखेला जायचं कारण वेगळं होतं. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. हेच आताचं प्रतापसिंह हायस्कूल. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. डी.एड.ला असताना त्याच राजवाड्यासमोरच्या चौपाटीवर आम्ही तिघींत एक प्लेट पाणीपुरी खायचो.

आणि ह्या बागेत तो मुलगा १९१७ मध्ये येऊन बसला होता. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबियाला गेलेला, करारानुसार बडोद्याच्या नोकरीला हजर झालेला. राहायला खोली कुणी देईना. पारशी नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात उतरले. ते उघड झालं, काठ्या घेऊन माणसं दारात आली. सामान काढलं आणि मुंबईच्या रात्रीच्या गाडीपर्यंतचा वेळ या बागेत काढला. ज्या वडाखाली ते बसले असं सांगतात, ती जागा आता संकल्पभूमी. आम्ही गेलो तेव्हा एक कुटुंब आलेलं होतं, बहुधा विदर्भातलं. वडील मुलीला फलक वाचायला लावत होते. ती "शि-ष्य-वृ-त्ती" अशी फोडून वाचत होती, बोट फलकावर, आणि वडील अजिबात घाई करत नव्हते. मी जवळ जाऊन उगाच उभी राहिले. वैजू म्हणाली, "जा, विचार कितवीत आहे ते. दंड मी भरते." तिसरीत होती.

ज्या राजाने शिकायला पाठवलं त्याच्याच शहरात राहायला जागा मिळाली नाही. दोन्ही गोष्टी एकाच गावातल्या. मुलांना सांगताना आपण पहिली सांगतो आणि दुसरी घाईने उरकतो. मी पुढच्या वर्षी दुसरीला जास्त वेळ देणार आहे, चौथीतल्या मुलांना कळतं सगळं, आपल्यालाच अवघडायला होतं.

दंडाच्या डब्यात माझ्या कृपेने चांगली रक्कम जमली होती, तिची सेव-उसळ खाल्ली. कीर्तिस्तंभाजवळ महाकालीला. आपल्या मिसळीच्या मंडळींनी नाक मुरडायचं कारण नाही, ही वेगळीच गोष्ट आहे. पांढऱ्या वाटाण्याची पातळ उसळ, वरून जाडसर शेव, कांद्याची हिरवी पात, आणि तिखट तर्री आपल्या हाताने हवी तेवढी घालून घ्यायची. पाव. मी साताऱ्याची म्हणून फुशारकीने चमचे ओतत गेले. घाम फुटला. शेजारच्या टेबलावरचा कॉलेजचा पोरगा न बोलता ताकाचा ग्लास माझ्याकडे सरकवून गेला. शोभा डबेवाली असल्यामुळे एकेक घास चाखत मसाला ओळखत होती आणि चुकीचा ओळखत होती, असं वैजूचं मत.

निघायच्या आदल्या रात्री काकूंनी लीलो चिवडा बांधून दिला. हा आपल्या चिवड्यासारखा कुरकुरीत नसतो, ओलसर, बटाटा आणि हरभरा डाळीचा, गोड-तिखट. एसटीत टिकेल का विचारलं तर म्हणाल्या, "आठ दिवसांत संपवा म्हणजे टिकेल." आणि वर पेढे. त्यांच्या पक्षाचे.

जेवताना मी म्हटलं, आता तुमची पाळी. वैजू म्हणाली, "माणात? मे महिन्यात? तिथं माणसं तरी असतात का?" मी म्हटलं मे कशाला, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथाला या. मार्गशीर्षाच्या पाडव्याला रथ ओढतात, गुलालात माणूस ओळखू येत नाही, आणि हवा थंड असते. शोभा लगेच डब्यांच्या सुट्ट्या मोजायला लागली. वैजू मुलांच्या परीक्षा सांगायला लागली. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं चाललं होतं. काकू इतका वेळ ताटाकडे बघत जेवत होत्या. त्या म्हणाल्या, "मी येते. ह्या दोघी आल्या नाहीत तरी मी येते. माझ्या आईच्या एका पत्रात त्या रथाचं आहे, मुलांनी परवाच वाचलं." मग मला विचारलं, तुमच्याकडे जिना किती पायऱ्यांचा, संडास खाली की वर, आणि रात्री गरम पाणी मिळेल ना.

सांगितलं, घर खालीच आहे, संडास आतच आहे, पाणी चुलीवर तापवून देईन. पाणी असलं म्हणजे. भाऊजींनी तिथल्या तिथे मोबाईलवर गाड्या बघायला घेतल्या.